ऊनोवर टायमर इंटरप्टने १०० किलोहर्ट्झ निघत नसतील तर
लक्षण: १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर टायमर१ (चिपमधला क्लॉक मोजणारा भाग) ची तुलना-किंमत (जिथवर मोजून तो इंटरप्ट देतो, म्हणजे चालू काम थांबवून छोटं फंक्शन चालवायला लावतो) कितीही घटवली तरी चौकोनी लहर एका मर्यादेवर अडते आणि सिरियल (संगणकाशी होणारा संवाद) जवळपास ठप्प होतं.

१०० किलोहर्ट्झसाठी दर ५ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ८० क्लॉकमध्ये, पिन उलटवावी (चालूची बंद, बंदची चालू) लागते. इंटरप्टमध्ये शिरायला किमान ४, परतायला ४, वर रजिस्टर जपणं (चालू कामाच्या किमती साठवून परत ठेवणं). डिजिटलराइट (पिन बदलायचं अर्डुइनोचं तयार फंक्शन) तर उरलंसुरलं सगळं खातं. पिनबी या पिन उलटवणाऱ्या रजिस्टरवर थेट लिहून वेग आला, पण मिलिसचा (अर्डुइनोच्या मिलिसेकंद मोजणीचा) इंटरप्ट मध्ये आला की लहर थरथरायची. डोक्याचा पार भुगा झाला.

चाललं ते असं. पिन ९ आउटपुट करा. टायमर१ ची नियंत्रण-रजिस्टरं टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी आधी शून्य करा (अर्डुइनो सुरुवातीलाच टायमर१ पीडब्ल्यूएममध्ये टाकतो). टीसीएनटी१ (मोजणी) शून्य, ओसीआर१ए (तुलना-किंमत) ७९, कारण ० ते ७९ म्हणजे ८० क्लॉक. टीआयएमएसके१ (टायमर१ च्या इंटरप्टचं रजिस्टर) शून्य, म्हणजे इंटरप्टच नको. मग टीसीसीआर१ए मध्ये कॉम१ए० बिट (पिन ९ आपोआप उलटव), शेवटी टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१२ (तुलना-किमतीला पोचलं की शून्यापासून मोज) आणि सीएस१० (क्लॉक न विभागता मोज). पिन आता हार्डवेअरच उलटवतं, लूप मोकळा.

सर्वो मोटर चालवणारी सर्वो लायब्ररी सोबत चालणार नाही, तिलाही टायमर१ च लागतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात काट्यावर १०० मिळतील असं समजू नका: मूळ ऊनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे, आणि त्याचा क्लॉक उष्णतेने जास्त सरकतो.