पर्यावरणाच्या केसेस लढायच्यात? मग लॉ करतानाच एक फाईल हातात घ्या

एन्व्हायर्नमेंटल लॉचा पेपर बरेच जण शेवटच्या आठवड्यात गाईडवर काढतात, आणि मग १९७४ चा पाणी कायदा, १९८१ चा हवा कायदा, १९८६ चा पर्यावरण कायदा सगळं डोक्यात एकत्र होऊन बसतं. प्लीज मूळ कायदे वाचा, आणि वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रदूषणावरचं सुप्रीम कोर्टाचं १९९६ चं जजमेंट तरी पूर्ण वाचा.

खरं काम शिकायचं असेल तर एक प्रोजेक्ट निवडा, खाण म्हणा, केमिकल कारखाना म्हणा, आणि परिवेश या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवरून त्याचे मिळतील तेवढे कागद उतरवा, ईआयए रिपोर्ट (प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास), क्लिअरन्सचं म्हणजे पर्यावरण मंजुरीचं पत्र, अटी पाळल्याचा दर सहा महिन्यांचा कम्प्लायन्स रिपोर्ट, जे सापडत नाही ते आरटीआय टाकून मागा. मग पत्रातली एकेक अट घ्या आणि जागेवर जाऊन बघा. रिपोर्टमध्ये ओढाच दाखवलेला नाही आणि तिथे तर पाणी वाहतंय, असं काही दिसलं की समजा केस इथून उभी राहू शकते. जनसुनावणी असेल तर जाऊन बसा, लोक काय विचारतात आणि मिनिट्समध्ये काय उतरतं ते ताडून बघा.

मुदती तर पाठच हव्यात. एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, क्लिअरन्सविरुद्ध अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असेल तर वर फार तर ६०, त्यापुढे दार बंद. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली पर्यावरणाच्या वादाच्या अर्जाला सहा महिने, भरपाईला पाच वर्षं. म्हणून गावातले लोक कागद घेऊन आले की मला वाटतं पहिला प्रश्न तारखेचा विचारावा, बाकी सगळं नंतर.

थोडं सायन्स पण लागतंच, बीओडी-सीओडीचे, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्याचे, आकडे वाचता आले पाहिजेत. पाणी कायद्याचं कलम २१ नीट बघा, प्रदूषण नियंत्रण बोर्डाने सांडपाण्याचा नमुना घेताना नोटीस, सील, सह्या हे पाळलं नाही तर तो पुरावा कोर्टात टिकत नाही.

इंटर्नशिप एनजीटीत प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडे मागा, पश्चिम विभागाचं बेंच पुण्यातच आहे. अर्जात पॅशन वगैरे लिहिण्यापेक्षा तुम्ही अभ्यासलेल्या त्या फाईलचं दोन पानी टिपण जोडा. एलएलएमची घाई नको, आधी काही वर्षं ड्राफ्टिंग करा. सुरुवातीला पैसे कमी मिळतात, तेव्हा जोडीला सिव्हिलची कामं घ्या, किंवा कंपन्यांचं कम्प्लायन्सचं काम करा, त्यातून अटी आतून कशा पाळल्या जातात तेही कळतं.