शेततळ्यात पडलेला ड्रोन: दोष बॅटरीचा नव्हता

जालन्याजवळच्या शेततळ्यावर पुतण्याचा शिकाऊ ड्रोन सरकत सरकत पाण्यात गेला. बिनजीपीएसचा, पोटाला छोटा कॅमेरा असलेला. सगळे म्हणाले, बॅटरी संपली. बाहेर काढताच आधी बॅटरी उपसली. ओला ड्रोन चालू करून बघायचा मोह आवराच, शॉर्ट होऊन आतला सर्किट बोर्ड तेव्हाच जळू शकतो. मल्टिमीटरवर सेल ३.८ व्होल्ट, म्हणजे चार्ज शिल्लक होता. पंखे शाबूत, चारही मोटारी बोटाने मोकळ्या फिरत होत्या.

मग शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद अंगणात अंथरला, त्यावर बादलीभर पाणी ओतलं. ड्रोन वाळल्यावर, नवी बॅटरी लावून, मीटरभर उंचीवर एका जागी तरंगत ठेवला तर तो भरकटायला लागला. शेजारी गोणपाट टाकलं, त्यावर मात्र खिळल्यासारखा उभा! पोटाचा कॅमेरा जमिनीवरच्या खुणा धरून जागा राखतो. पाण्यावर खुणा नसतात, आणि लाटा हलल्या की त्याला वाटतं आपणच हललो. मग तो लाटांमागे जातो.

या चाचणीआधी बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने धुतला, दोन दिवस पंख्याखाली वाळवला. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, आग लागू शकते.

आता तळ्याच्या काठापासून निदान दहा मीटर लांब, सकाळी वारा सुटायच्या आत उडवतो.