पुटिंग ग्रीनवरील रुंद पानांच्या तणांवर फवारणीपूर्वीची तयारी

गोल्फच्या मैदानात भोकाभोवती जी अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, त्या पुटिंग ग्रीनवरील गवत साधारणपणे ३ मिलिमीटर उंचीवर, तेही जवळजवळ रोज कापले जाते. त्यामुळे ते कायमच ताणाखाली असते आणि फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या जरा उंच गवताच्या पट्ट्यावर, बिनधोक चालणारे तणनाशक येथे गवतालाही पिवळे पाडू शकते. म्हणून तयारीची सुरुवात पंप धुण्यापासून न करता, वही घेऊन प्रत्येक ग्रीनवर फिरण्यापासून करावी आणि कोणते तण कोणत्या कडेला, किती ठिकाणी आहे याचा कच्चा नकाशा काढावा. पांढरा क्लोव्हर हे तीन पानांचे तण दाटलेले असेल तर नत्र कमी पडत आहे का, हे आधी तपासावे. क्लोव्हर हवेतील नत्र मुळांवरील गाठींत बांधून घेत असल्याने उपाशी गवतात त्याचे चांगलेच फावते. देठ मोडताच पांढरा चीक येणारी, जमिनीलगत पसरणारी दुधी दिसली तर माती घट्ट झाली आहे का आणि मुळांना सूत्रकृमी लागले आहेत का, हे पाहावे. मूळ कारण तसेच ठेवून केवळ तण मारले, तर मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा तेच उगवते.

नकाशात तुरळक ठिपकेच असतील तर टोकदार सुरीने तण मुळासकट काढावे. गाठीगाठींवर मुळे धरणाऱ्या तणाचा लहान चट्टा असल्यास होल कटर, म्हणजे भोक पाडण्याचे गोल अवजार, वापरावे. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, त्यामुळे कटरने निघणारा मातीचा गोळाही त्याच मापाचा येतो. तो टाकून देऊन नर्सरी ग्रीनवरून, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळ्या वाढवलेल्या ग्रीनवरून, आणलेला तेवढाच गोळा नेमक्या पातळीत बसवावा, कारण तो किंचित जरी वर राहिला तरी पुढच्या कापणीत पात्याने खरवडला जातो. बहुतेक ग्रीनवर काम येथेच संपायला हवे, असे माझे मत आहे.

तरीही औषध लागणारच असेल, तर लेबलवर पुटिंग ग्रीनचा आणि आपल्या गवताचा स्पष्ट उल्लेख आहे याची खात्री करून घ्यावी. नुसते ‘हिरवळीसाठी’ एवढे पुरेसे नाही. ग्रीनवर लावल्या जाणाऱ्या बेंटग्रास या बारीक गवताला २,४-डी या तणनाशकाचा त्रास होतो, त्या मानाने मेकोप्रॉप हे तणनाशक सौम्य असते. डायकॅम्बा हे तणनाशक मातीतील पाण्याबरोबर खाली उतरते, तेव्हा ग्रीनखाली मुळे पोहोचलेली झाडे कोणती, हेही वहीत टिपावे. निवडलेले औषध आधी नर्सरी ग्रीनच्या एका पट्ट्यावर लेबलवरील मात्रेत मारून दोन-तीन आठवडे निरीक्षण करावे. नव्याने पेरलेल्या, उन्हाने किंवा पाण्याच्या ताणाने कोमेजलेल्या ग्रीनला यादीतून सरळ वगळावे.

पंपाची मोजणी साध्या पाण्याने करावी. प्रत्येक नोझलखाली एक मिनिट भांडे धरावे आणि सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक फरक पडणारे नोझल बदलून टाकावे. नोझलमधून मिनिटाला ०.८ लिटर पाणी येत असेल, नोझलमधील अंतर ५० सेंटिमीटर असेल आणि चाल ताशी ४ किलोमीटर असेल, तर हेक्टरी २४० लिटर, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला १२ लिटर पाणी बसते. या हिशेबासाठी ग्रीनचे क्षेत्रफळ टेपने मोजलेले असावे. अंदाजाने धरलेले क्षेत्रफळ हमखास चुकते. पट्टे एकमेकांवर चढल्यास तेथे दुप्पट मात्रा पडते, म्हणून खुणेच्या दोऱ्या किंवा रंगद्रव्य आधीच जमवून ठेवावे.

दिवस ठरवताना तापमान ३० अंश सेल्सिअसच्या खाली असावे, वारा मंद असावा आणि लेबलने सांगितलेल्या तासांत पावसाची शक्यता नसावी. तणाला औषध शोषण्यासाठी पानांचा पसारा हवा, म्हणून फवारणीच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी कापणी टाळता येईल असे खेळाचे वेळापत्रक आधीच जुळवून घ्यावे. क्लोव्हर फुलावर असेल तर मधमाश्यांसाठी फुले त्याआधीच छाटून घ्यावीत. हातमोजे, चष्मा, ग्रीन बंद असल्याची पाटी आणि फक्त तणनाशकासाठी राखून ठेवलेला पंप आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवावा.