पहिली सायकल रेस मारायचीय? मग आधी दुसऱ्याच्या मागं बसायला शिका

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या भो, बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) वेगळी आणि रेस वेगळी. बीआरएमला २०० किमीला साडेतेरा तास असतात, रस्त्यात चहा प्या, फोटो काढा, वेळेत आले की झालं, तिथं पहिला-दुसरा नंबर नसतोच. रेसमध्ये मास स्टार्ट असला तर सगळे एकदम सुटतात आणि जो आधी पोचला तो जिंकला. टाइम ट्रायल असली तर एकेकाला ठराविक वेळाने सोडतात आणि तिथं दुसऱ्याच्या मागं चिकटून चालवणं नियमातच बसत नाही. मी इथं बोलतोय ते मास स्टार्टचं. फॉर्म भरताना कॅटेगरी नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी बिनगिअरच्या सायकली, एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) आणि रोडबाइक असे गट वेगळे असतात, हायब्रिड (ह्या दोन्हींच्या मधली सायकल) घेऊन रोडबाइकवाल्यांत उभं राहिलं तर सकाळ वाया.

आता मुद्द्याचं. आपल्या जळगाव-धुळ्याच्या पोरांना दम कमी नाहीये. हायवे सरळसोट, एकटे निघतात, हेडफोन कानात (ते आधी बंद करा), ८०-९० किमी मारून घरी. पण रेसला जाऊन करतात काय तर पहिल्या दहा किमीत जोशात सगळ्यात पुढं, मागं पन्नास जण आरामात बसलेले, आणि मग चढ आला की तेच पन्नास जण बाजूनं निघून जातात. ३५ च्या स्पीडला सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागं नीट बसलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. ज्यानं ही मेहनत वाचवली त्याच्याकडं शेवटच्या पाच किमीला पाय शिल्लक असतात, बाकी सगळं ह्याच्यानंतर.

हे शिकायला तीन-चार दोस्त पाहिजेत आणि आतला शांत रस्ता, हायवे नको, आणि यावल-फैजपूर पट्ट्यात असाल तर केळीचे ट्रक सुरू व्हायच्या आत उरकून घ्या. सुरुवातीला एक सायकल अंतर ठेवा, सवय झाली की हळूहळू अर्ध्या मीटरवर या. नजर पुढच्याच्या टायरवर चिकटवू नका, त्याच्या कमरेकडं आणि खांद्यावरून पुढं रस्त्याकडं बघा, म्हणजे तो काय करणार ते आधी कळतं. ब्रेक एकदम दाबायचा नाही, जास्त जवळ गेलात तर थोडं ताठ बसा, छातीवर वारा घ्या, स्पीड आपोआप उतरतो. पुढं जास्तीत जास्त अर्धा मिनिट राहायचं, मग मागं बघून, कोपर हलवून बाजूला सरकायचं आणि शेपटीला जाऊन लागायचं. आणि आपला नंबर आला की स्पीड वाढवायचा नाही! नवीन पोरगं पुढं आलं की त्याला वाटतं आता दाखवतोच, ३४ ची लाइन ३९ वर नेतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो.

सगळ्यात महत्त्वाचं, आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच जाऊ द्यायचं नाही. तो खड्डा चुकवायला वितभर सरकला तरी चाकाला चाक लागतं, त्याला काही होत नाही, तुम्ही मात्र थेट डांबरावर. म्हणून खड्डा, खडी, गतिरोधक दिसला की हातानं दाखवा आणि मोठ्यानं ओरडा, लाजू नका.

वाऱ्याचं एक वेगळंच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडं पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या, तिकडं आडवा वारा कसा लागतो ते एकदा जाऊन बघा. वारा डावीकडून असेल तर आडोसा बरोबर मागं नसतो, मागं आणि थोडा उजवीकडं असतो, त्यामुळं सगळे तिरप्या रांगेत लागतात आणि रस्त्याची रुंदी पाच-सात जणांतच संपते. उरलेले रस्त्याच्या कडेला एकामागं एक, वारा खात, आणि तिथंच ग्रुप तुटतो. म्हणून मोकळं माळरान दिसलं की वळणाच्या आधीच पहिल्या दहा जणांत जाऊन बसा.

चढाची प्रॅक्टिस आपल्याकडं मस्त होते. धुळेवाल्यांना लळिंग घाट जवळ, चाळीसगाववाल्यांना कन्नड घाट (वाहनांचं भान ठेवा), शहादा-नंदुरबारवाल्यांना तर तोरणमाळ आहेच. चढावर स्पीड कमी असतो, मागं बसून फार वाचत नाही, तिथं वजन आणि दम चालतो. वजन जास्त असलेल्यांसाठी एक ट्रिक, चढ सुरू होताना ग्रुपच्या पुढं असा आणि आपल्या लयीत घसरत घसरत मागं या, वर पोचेपर्यंत शेपटीला का होईना पण ग्रुपमध्येच राहता. पुढं ३४ आणि मागं २८ किंवा ३२ दातांचा गिअर असू द्या, जड गिअर रेटून गुडघ्यांची वाट लावण्यात काही मर्दुमकी नाही. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि बाहेरच्या बाजूचं पेडल खाली.

खाण्याचं सोपं आहे. तासाभराची रेस असेल तर पाणी पुरतं, त्याच्या वर गेली की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पाहिजेत. एका मध्यम केळात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी, आणि केळीच्या जिल्ह्यात राहून लोक महागडे एनर्जी जेल मागवतात, कमाल आहे. फक्त पूर्ण पिकलेलं केळ खिशात लगदा होतं, जरा कडक घ्या. खजूर पण चालतो. भूक लागायच्या आधी खायचं. सकाळी स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा उपमा, आणि आदल्या रात्री शेवभाजीला हात लावायचा नाही, वरण-भात खा. डिसेंबर-जानेवारी सायकलचाही सीझन आणि भरीत पार्टीचाही, हे दुःख मला कळतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास खेळत असतो, तेव्हा प्रॅक्टिस आठच्या आत संपवा आणि बाटलीत ओआरएस ठेवा.

सायकलचं आदल्या दिवशीच बघा. बाभळीचा काटा टायरमध्ये अर्धा रुतून बसतो, लगेच हवा जात नाही, रेसमध्येच दगा देतो. चाक हळूहळू फिरवत टायरवरून कापूस फिरवा, जिथं धागा अडकला तिथं काटा, चिमट्यानं उपटा. हवा ठासून १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरू नका, आपल्या खडबडीत रस्त्यावर सायकल नुसती उडते. ६५-७० किलोच्या माणसाला २५ एमएम टायरला ८०-८५ पीएसआय बास. जर्सीवर लावायचा रेसचा नंबर चारही कोपऱ्यांना पिना लावून घट्ट बसवा. हेल्मेटबद्दल वेगळं सांगायला लागू नये.

रेसच्या दिवशी तासभर आधी पोचा, १५-२० मिनिटं पाय गरम करा आणि स्टार्टला पहिल्या एक तृतीयांशात उभे राहा. पहिली पंधरा मिनिटं सगळे वेड्यासारखे पळतात, फक्त पुढच्याचं चाक धरून राहा, नंतर निवळतं. स्प्रिंट २००-२५० मीटर राहिल्यावरच, समोरून वारा असेल तर अजून उशिरा, आणि सरळ रेषेत, आडवं-तिडवं गेलात तर मागचा पडतो. रेषेवर हात सोडून जल्लोष करू नका आणि लगेच ब्रेकही मारू नका, मागून झुंड येतेय, शंभर-दोनशे मीटर पुढं जाऊ द्या. वेळ मोजायची चिप परत द्यायची असेल तर लगेच देऊन टाका, आणि रिझल्ट लागला की आपला नंबर स्वतः बघून घ्या, काही चुकलंय वाटलं तर तिथल्या तिथं सांगा, घरी आल्यावर कोणी ऐकत नाही.