वॉरंटी संपण्यापूर्वी गिअरबॉक्सची तक्रार कागदावर आणण्याची तयारी

वॉरंटी वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावर संपते, म्हणून सर्वप्रथम वॉरंटी पुस्तिका काढून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर अशी वॉरंटी असलेली गाडी आठवड्यातून तीनदा पुणे-मुंबई ये-जा करत असेल, तर तारीख बरीच दूर असतानाही किलोमीटर भरून जातात. त्याच पुस्तिकेत वगळलेल्या भागांची यादीही वाचावी. क्लच प्लेट बहुधा झिजणाऱ्या भागांत धरलेली असते आणि एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीच्या झटक्यांचे खापर अनेकदा तिच्यावरच फोडले जाते.

त्यानंतर दोषाची नोंदवही ठेवावी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त कष्ट इथेच घ्यावेत. ‘गिअर नीट पडत नाही’ या वाक्याचा मेकॅनिकला काहीच उपयोग नसतो. ‘सकाळी थंड इंजिनावर रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांनी धक्का बसून गाडी हलते’ किंवा ‘खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढतो, वेग मात्र वाढत नाही’ असे लिहिले की तपासणीला दिशा मिळते. शेजारी बसलेल्या व्यक्तीकडून ओडोमीटर, टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) आणि डॅशबोर्डवरील दिवा एकाच चौकटीत येईल असा व्हिडिओ काढून घ्यावा. स्वस्त स्कॅनर लावून फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे संकेत) स्वतः पुसू नयेत, कारण दोष नेमका कोणत्या परिस्थितीत उद्भवला याची नोंदही त्यांच्यासोबत पुसली जाते.

सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगून निघून येऊ नये. माझ्या गाडीच्या जॉब कार्डवर (गाडी जमा करताना तक्रार व कामे नोंदवणाऱ्या कागदावर) पहिल्या दोन खेपांना केवळ ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले गेले होते, आणि तिसऱ्या खेपेस ‘अशी तक्रार पूर्वी नोंदलेलीच नाही’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून मी तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दिसल्याशिवाय जॉब कार्डवर सही करत नाही. दोष थंड गाडीतच दिसत असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवावी आणि सकाळी तंत्रज्ञासोबत स्वतः टेस्ट ड्राइव्हला जावे. सॉफ्टवेअर अपडेट केले, क्लच ॲडॅप्टेशन (क्लच नेमका कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला नव्याने शिकवणे) पुन्हा केले किंवा दोष आढळला नाही, यांपैकी जे घडले असेल ते लेखी घ्यावे. वॉरंटीच्या काळात नोंदलेला दोष मुदतीनंतर पुन्हा उद्भवला, तर हीच कागदपत्रे पुढे करता येतात.

दुरुस्ती रखडल्यास कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला जॉब कार्डच्या प्रतींसह ई-मेल करावा. त्यानेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढचा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाचा असून तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते.

वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर मूळ मुदत चालू असतानाच तिच्या अटी मागून घ्याव्यात, आणि त्यात गिअरबॉक्ससोबत त्याचे कंट्रोल युनिट व मेकाट्रॉनिक्स (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे.