जुन्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड अडखळतंय? ड्रायव्हर नवव्यांदा टाकण्याआधी हे तपासा

स्क्रीन क्षणभर काळी पडते, परत उजळते आणि कोपऱ्यात सूचना येते की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता सगळं ठीक आहे. ही सूचना वाचली की बहुतेक जण लगेच नवा ड्रायव्हर शोधायला लागतात. पण तिचा अर्थ त्याहून बराच तोकडा आहे. विंडोज कार्डाला एक काम देते आणि २ सेकंद वाट पाहते. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून ते रीसेट करते आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. या यंत्रणेला टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणतात. रीसेट जमलं तर स्क्रीन परत येते, नाही जमलं तर ०एक्स११६ क्रमांकाची ब्लू स्क्रीन. उत्तर का आलं नाही, हे ती सूचना सांगतच नाही. व्होल्टेज पडलं असेल, कार्डाची मेमरी चुकली असेल, चिप तापली असेल, स्लॉटमध्ये कार्ड ढिलं बसलं असेल, किंवा खरंच ड्रायव्हरच गंडला असेल.

म्हणूनच रजिस्ट्रीत ‘टीडीआर डिले’, म्हणजे ही वाट पाहण्याची मुदत, वाढवून ८ किंवा १० सेकंद करण्याचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. रेंडरिंगसारखं एखादं काम मुळातच लांबत असेल तर तो बरोबर आहे. पण साधा व्हिडिओ बघताना कार्ड अडकत असेल, तर २ सेकंदांऐवजी १० सेकंद गोठलेली स्क्रीन बघायला मिळेल, इतकाच फरक.

आधी नोंद, मग स्क्रू ड्रायव्हर

बिघाड नेमका कधी होतो ते कागदावर लिहून ठेवा: नुसता डेस्कटॉप उघडा असताना, व्हिडिओ चालू असताना, गेम सुरू होताक्षणी, की वीस मिनिटं खेळल्यावर. वीस मिनिटांनी होणारा बिघाड बहुधा उष्णतेकडे बोट दाखवतो, लोड पडताक्षणी होणारा वीजपुरवठ्याकडे.

मग विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जमधल्या ‘सिस्टिम’मध्ये त्या वेळेच्या नोंदी बघा. ४१०१ म्हणजे वर सांगितलेलं टीडीआर. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. पॉवर बटण दाबून धरलं तरी हीच नोंद होते, त्यामुळे तिच्यावर एकटीवर भरवसा नको. मात्र तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ ० असेल, आधी काहीच नोंद नसेल आणि मशीन आपोआप फटकन बंद पडलं असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्यावा. ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger) १७ क्रमांकाच्या नोंदी रांगेने दिसत असतील, तर पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या, मार्गावर चुका होऊन त्या दुरुस्त होत आहेत. तिथे स्लॉट, कार्डाच्या पट्ट्या किंवा रायझर केबल बघायची.

स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकडी किंवा उभ्या रेषा दिसत असतील, तर एक सोपी चाचणी आहे. रेषा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि ती फाइल मोबाइलवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. रेषा चित्रातही असतील, तर चित्र कार्डाच्या आतच बिघडतंय. चित्र स्वच्छ असेल, तर बिघाड त्याच्या पुढे आहे: केबल, पोर्ट, मॉनिटर, फार तर कार्डाचा आउटपुटचा भाग. त्याच मॉनिटरवर फाइल उघडून निष्कर्ष काढू नका, तिथे सगळंच खराब दिसणार. आणि मॉनिटर-केबल बदलूनही रेषा अगदी बायोसच्या स्क्रीनवर, विंडोज सुरू होण्याआधीच दिसत असतील, तर ड्रायव्हरचा विषय संपला. तो तेव्हा चालूच झालेला नसतो.

ड्रायव्हर एकदाच, पण नीट

जुन्या कार्डासाठी सर्वात नवा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. एनव्हीडियाच्या फर्मी पिढीचा, म्हणजे जीटीएक्स ४०० आणि ५०० चा प्रवास ३९१.३५ पाशी थांबला. केप्लर पिढीसाठी, म्हणजे बहुतेक ६०० आणि ७०० साठी, ४७० ची शाखा शेवटची. तिचे आकडे ४७१ ते ४७५ ने सुरू होतात. एएमडीने एचडी ७०००, आर९ २००, आर९ ३०० आणि फ्युरी ही कार्डं जून २०२१ मध्ये जुन्यांच्या यादीत टाकली.

नावावर मात्र जाऊ नका. जीटीएक्स ७५० आणि ७५० टीआय नावाने ७०० च्या घरातली, पण चिप मॅक्सवेल पिढीची. जीटी ७३० तर एकाच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपांवर विकलं गेलं. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून चिपचं नाव बघा: जीएफने सुरू होत असेल तर फर्मी, जीके तर केप्लर, जीएम तर मॅक्सवेल, जीपी तर पास्कल.

पुढचा क्रम मोडू नका:

१. योग्य ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, आधीच उतरवून ठेवा. रीस्टोअर पॉइंट तयार करा. विंडोजचा पासवर्ड आठवतोय ना ते बघा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. डिस्कवर बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा.

२. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. ही पायरी गाळली, तर जुना ड्रायव्हर निघताच विंडोज अपडेट गुपचूप स्वतःचा ड्रायव्हर बसवतं आणि सगळी साफसफाई वाया जाते.

३. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन ४ दाबा. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवा, कार्डाची कंपनी निवडा आणि ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ करा. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड वापरलं असेल तर तिचेही अवशेष काढा.

४. सामान्य मोडमध्ये आल्यावर लगेच ड्रायव्हर टाकू नका. आता विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’वर चालतंय. अर्धा तास असंच वापरा.

५. मग ड्रायव्हर ‘कस्टम’मधून टाका. फक्त डिस्प्ले ड्रायव्हर, आणि आवाज एचडीएमआयमधून घेत असाल तर ऑडिओ ड्रायव्हर. बाकी जोडसामान नको. रीस्टार्ट झाल्यावर इंटरनेट जोडा.

चौथ्या पायरीचा अर्थ लावताना हमखास चूक होते. बेसिक अ‍ॅडॉप्टरवरही मशीन गोठलं, तर तो ड्रायव्हर निर्दोष. रॅम, डिस्क, एसएमपीएस, मदरबोर्ड आणि खुद्द कार्ड संशयित. पण मशीन छान चालल्याने ड्रायव्हर दोषी ठरत नाही. त्या अवस्थेत कार्ड जवळपास काहीच काम करत नसतं, वीजही नाममात्र खातं. आजारी कार्डसुद्धा झोपून असताना धडधाकट दिसतं.

स्वच्छ पद्धतीने दोन किंवा तीन आवृत्त्या टाकून लक्षण तेच राहिलं, तर ड्रायव्हरचा नाद सोडा.

वीज

जुन्या मशीनमध्ये सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून ७५ आणि आठ पिनांच्या केबलमधून १५०. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं असलं, तरी स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथे २५ अ‍ॅम्पिअर असेल तर गुणाकार ३०० वॉटचा होतो, आणि प्रोसेसर व कार्ड दोघांनाही त्यातूनच भागवायचं असतं. वर्षानुवर्षं तापून आतले कपॅसिटर थकले की तेवढंही मिळत नाही.

कार्डाला दोन पॉवर जोडण्या असतील, तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. एका केबलची दोन तोंडं वापरू नका. साटाच्या जोडणीवरून सहा पिना करणारा अडॅप्टर तर काढूनच टाका. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता १.५ अ‍ॅम्पिअर. म्हणजे एकूण ५४ वॉट, आणि कार्ड मागणार ७५. प्लास्टिक वितळतं ते इथेच.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा. मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) जोडणीत मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरच्या खोबणीत, लाल पिन पिवळ्या वायरच्या खोबणीत. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. गेम किंवा चाचणी चालू असताना आकडा ११.४० ते १२.६० या पट्ट्यात राहायला हवा. खाली गेला, तर एसएमपीएस बदला. पट्ट्यात राहिला तरी एसएमपीएस सुटला असं समजू नका: काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. त्यासाठी उलट बाजूने जा. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग आणि वीज बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा. बिघाड थांबला, तर एसएमपीएस किंवा कार्डावरचा वीज नियंत्रित करणारा भाग कमी पडतोय. नक्की कोण, हे दुसरा खात्रीचा एसएमपीएस जोडूनच कळेल. एसएमपीएस उघडू मात्र नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

कार्ड काढून बघताना

मशीन बंद, मुख्य वायर काढलेली, मग पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलासुरला भार उतरवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्लॉटच्या टोकाचं लॉक दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका, स्लॉट तुटतो.

सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. खोडरबरने घासायची सवय अनेकांना आहे. त्याने पट्ट्या चकाकतात खऱ्या, पण सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने वेड्यासारखा फिरलेला पंखा बेअरिंगवर उठतो.

थर्मल पेस्ट बदलताना खरी गोम पॅडमध्ये असते. मेमरी चिपवरच्या जुन्या पॅडची जाडी मोजून तेवढीच घ्या: ०.५, १ किंवा १.५ मिलिमीटर, जी असेल ती. पॅड जाड झालं तर हीटसिंक मुख्य चिपवरून उचललं जातं आणि दोन मिनिटांत तापमान चढतं. पातळ झालं तर मुख्य चिपचा आकडा झकास दिसतो आणि मेमरी आतल्या आत भाजत राहते. स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा.

परत बसवल्यावर हीटसिंकच्या वजनाने कार्डाचं टोक खाली झुकत असेल तर खालून आधार द्या.

कार्डाची परीक्षा

आधी साधी रॅम. बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून मेमटेस्ट८६+ चे चार पास होऊ द्या. एकही चूक चालत नाही. मग ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, चाचणी. तिथेही तोच नियम.

फरमार्क हा कार्डावर लोड टाकणारा प्रोग्राम दहा मिनिटं पुरे, आणि तापमानावर डोळा ठेवून. तो एकसारखा लोड देतो, म्हणून उष्णतेची परीक्षा चांगली होते. गेममध्ये लोड आणि क्लॉक सतत वरखाली होतात, म्हणूनच फरमार्क पास होऊन गेममध्ये झोपणारी कार्डं असतात.

आता आफ्टरबर्नरमध्ये कोर क्लॉक ५० मेगाहर्ट्झने कमी करा, नंतर १००. कोर मूळ जागी आणून मेमरी २०० ने कमी करून बघा. एका वेळी एकच. ज्या बदलाने बिघाड थांबतो तो भाग थकलाय. त्या कमी वेगावर कार्ड आणखी बराच काळ काम देऊ शकतं, सेटिंग सेव्ह करून टाका.

बिघाड फक्त रिकाम्या डेस्कटॉपवर होत असेल, तर वाट वेगळी. तिथे कार्ड वीज वाचवण्याच्या अवस्थेत जाता-येता अडखळतं. पॉवर प्लॅनमध्ये ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन तात्पुरतं काढून बघा. बायोसमध्ये स्लॉटचा वेग जेन ३ वरून जेन २ वर आणला, की कुरकुरणारे जुने बोर्ड बऱ्याचदा शांत होतात, आणि जुन्या कार्डाला त्याचा फरक सहसा जाणवत नाही. वेळ-तारीख सारखी मागे पडत असेल, तर हे सेटिंग टिकणार नाही. आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचा प्रयोग करू नका. चाललंच तर थोडे दिवस चालतं, आणि ज्या ओव्हनमध्ये प्लास्टिक-फ्लक्सचा धूर झाला त्यात पुन्हा अन्न करायचं नाही.

कार्ड भंगारात काढण्याआधी ते दुसऱ्या मशीनमध्ये लावून, तोच ड्रायव्हर आणि तोच लोड एक तास द्या. तिथे पडलं, तर कार्ड गेलं. तिथे बिनतक्रार चाललं, तर जुन्या मशीनचा एसएमपीएस आधी बदला आणि मदरबोर्डवर स्लॉटशेजारचे कपॅसिटर फुगलेत का ते टॉर्च मारून बघा.