परवानगी नेमकी कोणाची?

खानापूरहून बेळगावला रोज ये-जा करून शिकत असताना एका खासगी शिकवणीच्या निकालाच्या पानाने माझा घात केला. त्या पानाच्या वेबपत्त्याच्या शेवटी हजेरी क्रमांक दिसे आणि तो एकाने वाढवला की दुसऱ्याचे गुण व त्याच्या वडिलांचा मोबाइल क्रमांक समोर येई. तिथेच थांबून चालकांना कळवले असते तर विषय मिटला असता. मी मात्र दहा ओळींचा पायथन प्रोग्राम लिहून सगळ्यांची माहिती पेनड्राइव्हवर उतरवली आणि पुरावा म्हणून मोठ्या ऐटीत पुढे केली. शाबासकी राहिली बाजूला, पोलिसांची भाषा सुरू झाली. वडिलांना दुकान बंद करून यावे लागले आणि माफीपत्र कन्नडमध्ये हवे असल्याने वडील सांगत गेले व मी एकेक अक्षर जुळवत लिहीत गेलो.

‘माझा हेतू चांगला होता’ हे वाक्य हॅकिंग शिकणाऱ्या नवख्यांनी विसरावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चे कलम ४३ मालकाची किंवा यंत्रणा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी होती का, हे पाहते. ती नसताना माहिती उतरवली की भरपाई मागता येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा लबाडीने केल्याचे ठरले, तर कलम ६६खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चांगला हेतू दुसऱ्या कलमात कामी येईल, पहिल्यात नाही. म्हणून परवानगी लेखी घ्यावी आणि कोणती यंत्रणा, कोणत्या तारखांना, कुठवर तपासायची हे तीत लिहून घ्यावे. उद्यमबागेतल्या कारखान्याचा हिशेबनीस ‘बघ रे जरा’ म्हणाला, ही परवानगी नव्हे.

व्हायरस लिहून पाहण्याची खुमखुमी याहून वाईट. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेला वर्म, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्राम, लागण झालेल्या यंत्रावरही सातांतून एकदा पुन्हा बसत असे आणि तेवढ्याने यंत्रे गुदमरली. त्याला ३ वर्षे प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणे), ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो अमेरिकेतल्याच एमआयटीत प्राध्यापक झाला, यावर हुरळू नका. पण हातून एकदा चूक झाली म्हणून खचूनही जाऊ नका.

टेलिग्रामवरच्या हॅकिंग-गुरूंवर माझा काडीचा विश्वास नाही. मला वळण लावले ते आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी, सहा महिने नुसती नेटवर्कची पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, वाचायला लावून. प्रयोग स्वतःच्या आभासी यंत्रांवर (संगणकातच प्रोग्रामने उभ्या केलेल्या संगणकांवर), नेटवर्कपासून तोडूनच करा. त्रुटी सापडल्यास फक्त आपल्याच नोंदीचा स्क्रीनशॉट जोडून मालकाला कळवा आणि तो दाद देत नसेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ईमेल पाठवा.